दोन दिवसांना एकच नाव

दादरच्या एका देवळात दरवर्षी कीर्तनसप्ताह असतो आणि त्यासाठी मी ऑफिसातून आठवडाभर रजा घेते. रजेचं कारण म्हणून ‘कीर्तन’ असंच लिहिते. पहिल्या वर्षी एचआरची मुलगी हळूच येऊन विचारून गेली होती, “मॅडम, घरात कोणी गेलं का?” तिला म्हटलं, “नाही गं बाई, सगळे धडधाकट आहेत. मीच आठवडाभर कुणाला सापडणार नाही, एवढंच.” फोन बंद करून पिशवीच्या तळाशी टाकायचा, झांज घेऊन पुढच्या रांगेत मांडी ठोकायची आणि कीर्तनकार मालनताई उभ्या राहिल्या की जग विसरायचं. त्या पूर्वरंगात शांतपणे एकेक पदर उलगडत जातात. मध्यंतराच्या भजनात कुणीतरी सगळ्यांच्या कपाळाला बुक्का लावत फिरतं. उत्तररंगात आख्यान असं रंगतं की आरतीसाठी उठताना गुडघे दुखतायत हे तेव्हाच कळतं. सोमवारी त्या आनंदात परळच्या ऑफिसला गेले. यंदा तो आनंद सकाळच्या चहापर्यंतसुद्धा टिकला नाही.

कारण माझ्या मागे माझ्या फंक्शनांची नावं बदलली होती.

हसू नका. नवऱ्यालाही हसू आलं होतं, “एवढंच ना? मला वाटलं नोकरी गेली,” म्हणाला. त्याला जे समजावलं तेच तुम्हालाही सांगते, मग ठरवा हसायचं की नाही.

मी हास्केल नावाच्या भाषेत प्रोग्राम लिहिते. या भाषेत प्रत्येक वस्तूचा प्रकार आधी ठरलेला असतो. हा आकडा, हा मजकूर, ही तारीख. एका प्रकाराच्या जागी दुसरा देऊन चालत नाही. द्यायचाच असेल तर मध्ये एक फंक्शन लागतं, एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात नेणारं. चुकीचा प्रकार दिला तर कंपायलर, म्हणजे प्रोग्राम तपासणारा पहारेकरी, तिथल्या तिथे लाल अक्षरांत अडवतो. फार कडक पहारेकरी आहे. पण तो प्रकार बघतो, हेतू बघत नाही.

काही वर्षांपूर्वी मी या भाषेत पंचांगाची एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रामांना वापरता येईल असा फंक्शनांचा संच, लिहिली. फावल्या वेळात, हौसेनं. पुढे आमच्या कंपनीनं तिच्यावर आपलं ॲप उभं केलं. सण कधी, उपास कधी, वाढदिवस तिथीनं कधी, श्राद्ध कधी, हे सांगणारं आणि हवं तर घरी गुरुजीही पाठवणारं. लायब्ररी आजही माझ्याच नावावर आहे. माझ्या जोडीला सांभाळणारा दुसरा माणूस म्हणजे सौमित्र, आमचा टीम लीड. वयानं माझ्याहून लहान, हुशार, मला ताई म्हणतो. पोरगा वाईट नाही. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण यापुढे मी त्याच्याबद्दल बरं काही बोलेन अशी खात्री नाही.

आता तिथी म्हणजे काही तारीख नव्हे. तारीख मध्यरात्री बदलते. तिथी तिच्या मनाला येईल तेव्हा बदलते. समजा बुधवारी सकाळी उशिरा षष्ठी लागली आणि गुरुवारी उन्हं चढायच्या आत संपली. मग षष्ठी कुठल्या दिवशी? उत्सव, वाढदिवस असेल तर सूर्योदयाला जी तिथी असते ती धरतात, म्हणजे गुरुवार. श्राद्ध असेल तर दुपारनंतरची वेळ, अपराह्ण, तेव्हा जी तिथी असते ती धरतात, म्हणजे बुधवार. एकाच तिथीचे दोन दिवस, आणि दोन्ही खरे. कशासाठी हवाय त्यावर ठरतं.

म्हणून मी दोन फंक्शनं लिहिली होती. एकाचं नाव ‘उदयदिवस’, दुसऱ्याचं ‘अपराह्णदिवस’. दोघांचा प्रकार हुबेहूब सारखा. तिथी घ्या, वर्ष घ्या, दिवस द्या. सापडला नाही तर तसं सांगा. एकाच्या जागी चुकून दुसरं टाकलं तर कंपायलर चकार शब्द काढत नाही, कारण त्याच्या दृष्टीनं दोघं सारखीच. फरक सांगणारं जगात एकच काही होतं, ते म्हणजे नाव.

आणि सौमित्रनं ते पुसलं. माझ्या रजेत. बदलाच्या नोंदीत लिहिलं होतं, ‘नावांची सफाई’. उदयदिवसचं नाव झालं ‘टू-डेट’. अपराह्णदिवस काढूनच टाकलं होतं. आणि ॲपमध्ये जिथे जिथे अपराह्णदिवस होतं तिथे तिथे शोधून टू-डेट ठेवून दिलं होतं. शुक्रवारी ते लोकांच्या फोनांवरही गेलं होतं.

मी त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. कपाळाला आदल्या दिवशीचा बुक्का अजून होता बहुतेक, कारण तो आधी कपाळाकडेच बघत होता.

“अपराह्णदिवस कुठे आहे?”

“अरे, आलात ताई! कसा झाला सप्ताह?”

“छान झाला. अपराह्णदिवस कुठे आहे?”

“ते डुप्लिकेट होतं ना ते? काढलं.” तो खुर्ची फिरवून उत्साहानं सांगायला लागला. “ताई, तुमच्या लायब्ररीत नावांची खिचडी होती हो. एकीकडे टू-अमुक, एकीकडे मराठी, एकीकडे संस्कृत. नवीन मुलगा येतो, त्याला उच्चार करता येत नाही. जगभर कशी पद्धत आहे? इकडून तिकडे न्यायचं तर ‘टू’, तिकडून इकडे आणायचं तर ‘फ्रॉम’. विषय संपला.”

“ते डुप्लिकेट होतं हे तुला कुणी सांगितलं?”

“दोघांचा टाइप सेम. मी बऱ्याच तिथ्या टाकून बघितल्या, उत्तरंही सेम.”

“बऱ्याच म्हणजे सगळ्या नव्हेत.”

“ताई, बहुतेक वेळा सेमच येतं.”

“बहुतेक वेळा सेम येतं म्हणूनच तर दोन नावं होती! प्रत्येक वेळी वेगळं आलं असतं तर शेंबड्या पोराला पण चूक दिसली असती. ही चूक दहा वेळांपैकी सात वेळा लपून बसते, रे!”

आजूबाजूची दोनचार डोकी वर झाली. मी आवाज खाली घेतला. राग खाली घेतला नाही.

“आणि जगभरची पद्धत मला सांगू नकोस. मी पण टू लिहिते की. क्षण दिला आणि तिथी मागितली, तर उत्तर एकच असतं, तिथे मी टू लिहिलंय. जिथे काही हरवत नाही, कुठला निर्णय घ्यावा लागत नाही, तिथे टू. जिथे निर्णय आहे, तिथे तो निर्णय नावात. तुझ्या त्याच जगात बाइट्सचा मजकूर करायचा असतो तेव्हा फंक्शनचं नाव नुसतं ‘टू-टेक्स्ट’ असतं का? कुठला संकेत धरून वाचलं ते नावातच लिहितात. धोक्याच्या फंक्शनच्या कपाळावर ‘अनसेफ’ लिहितात. ती माणसं काय वेडी आहेत?”

“मग आपण डॉक्युमेंटेशनमध्ये एक नोट टाकू.”

“नोट कोण वाचतं?”

तो हसला. “बरं, मागच्या महिन्यात तुम्हीच म्हणालात की मी तुमची नोट वाचली नाही.”

“वाचलीस का?”

“नाही,” तो म्हणाला. प्रामाणिक पोरगा. म्हणूनच जास्त राग येतो.

मी म्हटलं, आजच परत आण. तो म्हणाला, शुक्रवारीच नवीन व्हर्जन बाहेर गेलंय, लोक वापरतायत, पुढच्या महिन्याच्या फेरीत बघू. कुणाची तक्रार तर आलेली नाही. हा त्याचा आवडता शब्द, तक्रार. तक्रार आली नाही म्हणजे चूक झाली नाही, असं त्याच्या पिढीला कुणी शिकवलं कोण जाणे.

संध्याकाळी लालबागला घरी आले तर गॅलरीत कांताकाकू उभ्या. आमच्या शेजारच्या. मालवणकडच्या, पण उभा जन्म इथे गेला. त्यांचे यजमान, जयवंतकाका, शिवडीच्या गोदामात सुपरवायझर होते. मागच्या वर्षी गेले. आमच्या मजल्यावर कुणाचा नळ गळो, कुणाच्या पोराला शाळेत सोडायचं असो, काका आधी चपला घालून तयार. ते गेल्यावर गॅलरी नुसती लांब वाटायला लागली.

“गो रुपाली, खय होतंस इतके दिवस? देवान ठेवून घेतल्यान काय तुका?”

“आले ना परत. कशा आहात काकू?”

“बरी आसंय. यांचा वर्षश्राद्ध इला गो जवळ. येत्या गुरवारी. विनीताक रजा गावली, रात्रीच्या गाडीन येतलो, सकाळी पोचतलो. तू पण ये हां जेवायला. शनवारी तुझ्याच त्या ॲपात बघितला आम्ही. गुरुजी पण त्यातसूनच येतले. आमचे जुने गुरुजी बदलापूरला गेले ना मुलाकडे.”

विनीत म्हणजे त्यांचा एकुलता एक मुलगा, रत्नागिरीला नोकरीला असतो. मी सहज विचारलं, “तिथी कोणती, काकू?”

“षष्ठी. वद्य.”

मी तिथेच, गॅलरीत, पिशवी खांद्यावर असतानाच फोन काढला. वर तुम्हाला सांगितली ना षष्ठी, ती मी उगाच रचून सांगितली नव्हती. हीच ती. बुधवारी सकाळी उशिरा लागत होती आणि गुरुवारी उन्हं चढायच्या आत संपत होती. श्राद्धाचा दिवस बुधवार होता. परवा. आणि काकूंच्या फोनवर मोठ्या अक्षरांत, फुलांच्या चौकटीत, हात जोडलेल्या चित्रासकट लिहिलं होतं, गुरुवार.

मालनताईंकडून मी पुष्कळदा ऐकलंय की राग आला तर आधी देवाचं नाव घ्यावं. मी घेतलं. दोनदा घेतलं. राग तसाच.

“काकू, चूक झालीय. दिवस बुधवारचा आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग फोनकडे बघितलं. “ह्यात तर गुरवार लिवलाहा.”

“ते चुकीचं लिहिलंय. आमच्याकडून.”

मी त्यांच्या घरात बसून विनीतला फोन लावला. त्याच्या जागी उभा राहणारा माणूस गुरुवारीच मोकळा होता. बुधवारी साहेब सोडणार नाही, म्हणाला. तरी साहेबाला विचारून बघतो, म्हणाला. पुन्हा फोन आला तेव्हा त्याचा आवाजच सांगत होता. “नाय जमत गो, ताई. आईक दे.” ॲपवर बुधवारसाठी गुरुजी मागितले तर सगळ्या वेळा भरलेल्या. देवळातल्या ओळखीनं गुरुजी मी कुठूनही उभे केले असते. मुलगा कुठून उभा करणार होते?

काकूंनी मुलाशी बोलून फोन ठेवला, पदरानं हात पुसले आणि म्हणाल्या, “जावंदे. गुरवारीच करू. तेंका काय, कधीय बोलावला तरी येतले. आयुष्यभर कोणाक नाय म्हणूक नाय त्यांनी.”

“असं कसं, काकू?”

“मग काय करू? तुझ्यार ओरडू? तू केलंस काय मुद्दाम?” आणि मलाच चहा ठेवायला उठल्या. काळे वाटाणे भिजत घालायचे ते एक दिवस आधी घालते म्हणाल्या, आणि मग आठवून स्वतःशीच हसल्या, “नको, दिवस तोच ठेवलाव ना आपण.”

रात्री मी नवऱ्याला हे सगळं सांगितलं. यावेळी तो हसला नाही.

मंगळवारी सौमित्रला सांगितलं. जयवंतकाका, कांताकाकू, विनीत, रत्नागिरी, सगळं. त्यानं नीट ऐकलं. चेहरा उतरला त्याचा, मी बघितलं. “सॉरी, ताई. खरंच सॉरी. मी त्यांना फोन करू का?”

हे मला अपेक्षित नव्हतं. मी नंबर लावून दिला, स्पीकरवर.

“नमस्कार काकू, मी सौमित्र बोलतोय, रुपालीताईंच्या ऑफिसातून. तुमची जी तारीख चुकली ती माझ्यामुळे—”

“कोण? सौमित्र? जेवलंस काय रे, बाबा?”

“हो… म्हणजे नाही अजून. काकू, मला माफ करा.”

“अरे, चूक होता माणसाकडून. तू मनाक लावून घेव नको. गुरवारी वेळ असेल तर ये जेवायला, परळ काय लांब नाय.”

फोन बंद झाला. सौमित्रनं मोठा श्वास सोडला, आणि मग जे बोलला ते ऐकून मला वाटलं, या पोराला कीर्तनाला नेऊन मुसक्या बांधून सात दिवस बसवावं.

“चला. म्हणजे त्यांचा इश्यू नाहीये. यूजर ओके आहे. मग आपण पुढच्या महिन्याच्या फेरीतच शांतपणे करू.”

“काय म्हणालास?”

“नाही, म्हणजे त्यांनीच सांगितलं ना, मनाला लावून घेऊ नको—”

“सौमित्र, तिनं तुला माफ केलं. ते तिचं मोठेपण. त्याची तू पावती करतोस? ती बाई देवभोळी आहे, गरीब स्वभावाची आहे, तिनं आयुष्यात कुणाला चार शब्द सुनावले नाहीत. म्हणून तिचा दिवस चुकवला तर चालतो? उद्या कुणी भांडखोर भेटेल, तेव्हा तू धावत दुरुस्त करशील! म्हणजे जो ओरडेल त्याचा बाप बरोबर दिवशी जेवणार आणि जो ओरडणार नाही त्याचा बाप उपाशी!”

“ताई, मी असं म्हटलं नाही.”

“तसंच म्हटलंस. आणि ॲपवर आणखी किती घरं असतील? त्यांना तर चूक झाली हे कळणारसुद्धा नाही. मनातल्या मनात समाधान मानून बसतील की आपण बरोबर दिवशी केलं. तुझी तक्रार कुठून येणार?”

तो म्हणाला, “पण आता एकदम नाव बदललं तर ॲपचं सगळं बिल्ड मोडेल, नवं व्हर्जनच बनणार नाही. अठरा-वीस जागा आहेत. सगळी टीम थांबेल.”

“थांबू दे.”

“तुम्ही रागात आहात.”

“आहे. म्हणून नीट सांगून ठेवते. लायब्ररी माझ्या नावावर आहे. उद्या मी टू-डेट काढून टाकणार. जुनी दोन नावं परत नाही आणणार. एकच फंक्शन ठेवणार, पण कशासाठी दिवस हवाय ते सांगितल्याशिवाय ते चालणारच नाही. उदय की अपराह्ण, ते प्रत्येक ठिकाणी लिहावंच लागेल. नाही लिहिलं तर कंपायलर अडवेल. आजवर नावावर सोडलं होतं, तू नाव पुसलंस. आता प्रकारातच घालते, बघू कसं पुसतोस.”

“आज काही करू नका, प्लीज. परवा बोलू,” तो म्हणाला. त्याला वाटलं, मी थंड होईन. लोकांना असंच वाटतं, भजनं म्हणणारी बाई म्हणजे थंड होणारच.

बुधवारी मी घरूनच काम करत होते. खरं सांगायचं तर ते फंक्शन आदल्या दिवशीच लिहून झालं होतं. बाहेर सोडायचं बाकी होतं. सकाळी लॅपटॉप उघडला, बटणापर्यंत गेले आणि थांबले. सौमित्रचा उतरलेला चेहरा आठवत होता. सगळी टीम थांबेल म्हणाला होता. त्यात दोन नवी मुलं आहेत, पहिलीच नोकरी, त्यांच्या डोक्यावर खापर फुटेल का, असंही वाटलं. काकू स्वतः म्हणतायत जाऊ दे, तर मी कोण? पुढच्या महिन्यात नाही तरी होणारच आहे. असं करत मी दुसरंच काम काढून बसले.

दुपारी शेजारून तेलात काहीतरी पडल्याचा आवाज आला, आणि वाटणाचा वास. मला वाटलं गुरुवारची तयारी. पण वडे कुणी आदल्या दिवशी तळत नाही. मी जाऊन बघितलं.

कांताकाकू एकट्याच होत्या. ओट्यावर मालवणी वड्यांचा पीठगोळा, गॅसवर काळ्या वाटाण्यांचं सांबार, बाजूला खीर. मी दारात उभी राहिले तरी त्यांचं लक्ष नव्हतं. काकांच्या फोटोसमोर त्यांनी पाट मांडला होता, त्यावर केळीचं पान. पाटाच्या समोर विनीतसाठी ठेवतात तशी दुसरी जागा पुसून रिकामी ठेवली होती.

“काकू?”

त्यांनी वळून बघितलं. डोळे लाल होते, कांदा तर त्यांनी चिरलेला नव्हता.

“माका रात्रीपासून बसाक होयना गो. वाटाणे रात्रीच भिजत घातलंय,” त्या म्हणाल्या. “म्हटला उद्या करूया, उद्या करूया. पण आज तेंचो दीस. आणि घरात कोण नाय. येतले आणि बघतले, कोण नाय.”

मी आत जाऊन त्यांच्या हातातला झारा घ्यायला गेले. त्यांनी दिला नाही. “नको. तू बस. माझ्या हातचे वडे त्यांका लागतत.”

मी बसले नाही. माझ्या घरात आले, उभ्या उभ्याच लॅपटॉप उघडला आणि सोडून दिलं. टू-डेट गेलं. नवीन व्हर्जन बाहेर.

परत काकूंकडे येऊन बसते न बसते तोच फोन वाजला. उंबऱ्याबाहेर गॅलरीत येऊन घेतला.

“ताई! सगळं लाल झालंय! तुम्ही सोडलंत?”

“सोडलं.”

“अहो, एकोणीस ठिकाणी अडलंय. सगळी मुलं माझ्या टेबलाभोवती उभी आहेत. निदान मला सांगायचं तरी.”

“काल सांगितलं होतं.”

“मला वाटलं…” पुढे त्यानं काय वाटलं ते सांगितलं नाही. “जुनं व्हर्जन लावून ठेवू का तोपर्यंत? काम तरी चालेल.”

“ठेव. मग आज संध्याकाळपर्यंत जितक्या लोकांनी श्राद्धाचा दिवस विचारला, त्या सगळ्यांना चुकीचा दिवस सांगितला म्हणून तू स्वतः फोन करशील? कांताकाकूंना केलास तसा? त्यांनी जेवायला बोलावलं, सगळे बोलावणार नाहीत हां.”

पलीकडे कुणीतरी मुलगी हळूच म्हणाली, “सर, पहिलं बघू ना.” आणि त्यानं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हटलं, “बरं. पहिलं. कॅलेंडरच्या पानावर दाखवायचा दिवस. उदय ना, ताई?”

“उदय.”

“वाढदिवस?”

“उदय.”

“श्राद्ध, वर्षश्राद्ध, महालय… अपराह्ण. अपराह्ण. अपराह्ण.” बोटांचा आवाज येत होता. तीन लाल ओळी गेल्या असाव्यात. मग तो थांबला. “हे एक आहे, ताई. ‘पुण्यतिथी’. एका मठानं घेतलंय. त्यांना काय लावू?”

“ते पुण्यतिथीला काय करतात? उत्सव करतात, कीर्तन ठेवतात, की श्राद्ध करतात?”

“मला काय माहीत?”

“मलाही माहीत नाही.”

आतून काकूंनी पाण्याचा तांब्या ठेवल्याचा आवाज आला.

“मग त्यांना विचारावं लागेल,” सौमित्र म्हणाला.

“लागेल.”

“विचारतो.” मग बाकीच्यांना म्हणाला, “हे सोडा, मी त्यांना फोन लावतो.” आणि पुन्हा मला, “ताई, एक शेवटचं. व्हर्जनच्या नोंदीत हा बदल मायनर लिहू ना? किरकोळ बदल म्हटला की वरचे उगाच प्रश्न विचारणार नाहीत.”

मी दारातून आत बघितलं. काकू पानावर वाढत होत्या. वडे, सांबार, खीर, थोडं मीठ कडेला. समोरच्या रिकाम्या जागेकडे न बघता वाढत होत्या.

“सौमित्र,” मी म्हटलं, “आत एक बाई नवऱ्याचं पान वाढतेय, एकटी. तू मायनर लिहून तर बघ.”

त्यानं मेजर लिहिलं. मी नंतर तपासलं.